गणिताचे विद्यार्थी: काय वाचावे, किती खर्चावे

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर-महाडकडे राहून गणितात बी.एस्सी. करणाऱ्यांनी अभ्यासक्रमापलीकडचे वाचन खर्चापायी सोडू नये. वर्षाला 1,000 रुपये बाजूला काढले, तरी चांगली सुरुवात होते.

फुकट: जी. एच. हार्डी यांचे ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ (1940). हार्डी 1947 साली वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून मूळ मजकूर बिनधास्त उतरवून घ्या. गणित हे तरुणांचेच काम, हे त्यांचे मत मात्र मनाला लावून घेऊ नका. ते उतारवयातल्या खिन्नतेतून आले आहे.

34 रुपये: विल्यम थर्स्टन यांचा ‘ऑन प्रूफ अँड प्रोग्रेस इन मॅथेमॅटिक्स’ (1994) हा लेख नेटवर मोफत मिळतो. पाने 17, झेरॉक्सचे पानाला 2 रुपये धरा. एका विषयात आपण भराभर प्रमेये सिद्ध केली आणि त्या विषयातून इतर लोकच निघून गेले, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. संशोधनात इतरांना समजावून सांगण्याचे मोल किती, ते इथे कळते.

500 रुपयांपर्यंत: विकत एकच घ्यायचे तर जॉर्ज पोल्या यांचे ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ (1945). प्रश्न समजून घ्या, योजना आखा, ती पार पाडा आणि उत्तर आल्यावर पुन्हा तपासा. ही चौथी पायरीच बहुतेक जण गाळतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात दिसला तर विचारा.

ग्रंथालयातून: जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’. वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे असा अभ्यासू आयुष्याचा प्रवास मराठीतच वाचायला मिळतो. अनामत परत मिळते का, ते सभासद होतानाच विचारून घ्या.

प्रवास: पुस्तकखरेदीसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जायचे तर एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद पडतो, म्हणून खरेदी मे महिन्यातच उरका.

इथे थांबा: एनपीटीईएलचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, पैसे पडतात ते परीक्षेला. प्रमाणपत्राची गरज नसेल तर ते वाचवा.

उरलेल्या पैशांच्या कोऱ्या वह्या घ्या. वाचलेले प्रमेय पुस्तक मिटून स्वतः मांडता आले, की मगच पुढच्या पुस्तकावर खर्च करा.