पत्र आणि पॅड

मुलांनो, वर्षभर मेहनत करावी आणि बक्षीस मात्र दुसऱ्याला मिळावे, असे तुमच्या बाबतीत कधी झाले आहे का? तेव्हा मन खट्टू होते. उद्यापासून खेळायलाच नको, असे वाटू लागते. १९८७ साली मुंबईतील एका चौदा वर्षांच्या मुलावर अशीच वेळ आली होती.

त्या मुलाचे नाव सचिन तेंडुलकर. तो शारदाश्रम विद्यामंदिर या शाळेकडून क्रिकेट खेळत असे. रमाकांत आचरेकर हे त्याचे गुरू. सचिनने शालेय सामन्यांत खूप धावा काढल्या होत्या. मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे उत्तम कुमार खेळाडूचे बक्षीस आपल्याला मिळेल, अशी त्याला आशा होती. पण ते मिळाले नाही. सचिन निराश झाला.

ही गोष्ट सुनील गावसकर यांना कळली. सचिन त्यांचा चाहता होता. त्याच वर्षी मार्च महिन्यात गावसकरांनी कसोटी क्रिकेटमध्ये दहा हजार धावा पूर्ण केल्या होत्या. असा पराक्रम करणारे ते जगातील पहिले खेळाडू. एवढ्या मोठ्या माणसाला एका शाळकरी मुलासाठी सवड कोठून असणार? पण त्यांनी सवड काढली. ऑगस्ट महिन्यात त्यांनी सचिनला पत्र लिहिले. बक्षीस मिळाले नाही म्हणून नाराज होऊ नकोस, असे त्यांनी कळवले. हे बक्षीस मिळवणाऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव नाही आणि तो माणूस कसोटीत काही वाईट खेळला नाही, असेही त्यांनी गमतीने लिहिले. तो माणूस म्हणजे स्वतः गावसकर! त्यांनी आपले वापरलेले, वजनाला हलके पॅडही सचिनला दिले.

गावसकरांच्या लहानपणीची एक गोष्ट येथे आठवते. त्यांचे मामा माधव मंत्री हे भारताकडून खेळलेले यष्टिरक्षक. लहान सुनीलने मामांकडे भारतीय संघाचा स्वेटर मागितला. मामांनी दिला नाही. तो घाम गाळून मिळवावा लागतो, असे त्यांनी भाच्याला समजावले.

मामांनी स्वेटर दिला नाही, भाच्याने मात्र पॅड दिले. असे का? स्वेटर हा मान आहे. मान मागून मिळत नाही, तो स्वतःच कमवावा लागतो. पॅड हे मेहनतीचे साधन आहे. ज्याला मेहनत करायची आहे, त्याला साधन द्यावे आणि धीर द्यावा. उर्दूत आपण ज्याला हौसला वाढवणे म्हणतो, तेच हे काम.

पुढे काय झाले? फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. नोव्हेंबर १९८९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, सचिन कराचीत पहिला कसोटी सामना खेळला. गावसकरांच्या नावावर ३४ कसोटी शतके होती. १० डिसेंबर २००५ रोजी दिल्लीला सचिनने ३५ वे शतक पूर्ण केले आणि तो विक्रम मोडला. त्या वेळीही त्याने गावसकरांच्या भेटीची कृतज्ञतेने आठवण काढली.

तुम्ही म्हणाल, "ही मुंबईची गोष्ट. आमच्या वलगावात गावसकर कोठून येणार?" पण धीर द्यायला गावसकरच लागतात असे नाही. तुम्ही दहावीत असाल, तर पाचवीतल्या मुलाला तुम्हीच मोठे खेळाडू वाटता. तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला, तर हसू नका. तुम्हांला लहान पडणारी बॅट त्याला द्या. मराठी वाचताना तो अडखळला, तर जवळ बसून ती ओळ त्याच्याबरोबर वाचा. उद्या तो तुमच्याही पुढे जाईल. जाऊ द्या. त्यात तुमचाही आनंद असेल.

शब्दार्थ
खट्टू – नाराज, उदास
सवड – फुरसत
निराश – मायूस
धीर देणे – हिंमत वाढवणे
साधन – कामाला लागणारी वस्तू

स्वाध्याय
१. सचिन निराश का झाला?
२. मामांनी सुनीलला स्वेटर का दिला नाही?
३. 'मान' आणि 'साधन' यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
४. स्पर्धेत हरलेल्या मित्राला पाच ओळींचे पत्र लिहा.