पक्षी वाचवणारं होम-स्टे : नफ्याचं गणित आणि तीन पक्के नियम

महाड-पोलादपूरकडच्या बऱ्याच जणांच्या मनात सध्या एकच आयडिया आहे : गावच्या घराला चार खोल्या काढू, ‘इको लॉज’ नाव देऊ आणि जखमी पक्षी वाचवणाऱ्यांना मदत करतो असं सांगू. आयडिया चांगली आहे. पण ‘मदत करतो’ हे शब्द पाटीवर लिहिण्याआधी वहीत लिहावे लागतात. आज तेच शिकू.

आपल्याकडे दाखवण्यासारखं काय आहे?

रायगड किल्ला, चवदार तळं, शिवथरघळ, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आणि वर आंबेनळी घाटातून महाबळेश्वर. म्हणजे पाहुणा येतोच, त्याला एक रात्र थांबवायचं कारण द्यायचं आहे. ते कारण पक्षी होऊ शकतात.

महाडची सिस्केप ही संस्था प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने बरीच वर्षं गिधाडांसाठी काम करते आहे. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात. तिथे गावकऱ्यांना सोबत घेऊन गिधाडांच्या खाण्याची सोय करण्यात आली. महाड तालुक्यात नाणेमाचीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत.

गिधाडं कमी का झाली हे पाहुण्याला सांगता आलं पाहिजे. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे संख्या भरून यायला फार वेळ लागतो.

नियम १ : मुक्काम विका, पक्षी विकू नका

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. एखाद्या दिवशी एकही पिल्लू बाहेर येत नाही. तरी घरच्या माऊलीचे जेवणाचे पैसे बुडत नाहीत, कारण तिने पिल्लू विकलेलंच नसतं.

तुम्हीही ‘गिधाड दाखवण्याची गॅरंटी’ देऊ नका. गॅरंटी दिली की पाहुणा घरट्याजवळ न्यायचा हट्ट धरतो. गिधाडांच्या विणीचा हंगाम हिवाळ्यात असतो आणि तुमचा सीझनही तेव्हाच. गोंगाटाने किंवा ड्रोनने जोडी उठली तर ते एकुलतं एक अंडं जाऊ शकतं. मग पुढच्या वर्षी दाखवणार काय?

नियम २ : जखमी पक्षी तुमच्या अंगणात राहणार नाही

हा मुद्दा नीट वाचा. जखमी घार किंवा घुबड पिंजऱ्यात ठेवलं तर पाहुणे फोटो काढतील, खरं आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी सरकारी मालमत्ता असतो आणि तो हाती आल्यास ४८ तासांत कळवावं लागतं. ओसरीवरचा पिंजऱ्यातला पोपटसुद्धा बेकायदेशीर आहे.

तुमचं काम एवढंच : हवेसाठी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत सुती कापड, शांत अंधारी जागा. तोंडात पाणी ओतायचं नाही, खायला घालायचं नाही. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा आणि ते सांगतील तिथे पोचवायचं. ही कृती कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा, म्हणजे तुम्ही बाजारात गेलात तरी कामाच्या मावशींना कळेल.

नियम ३ : पक्ष्यांचा वाटा दरातच धरा

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजायला धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

एका पाहुण्याचा एका रात्रीचा दर जेवणासह १,६०० रुपये. त्यातून :
– जेवण-नाश्ता : ५००
– धुलाई-सफाई : १५०
– बुकिंगचं कमिशन १५ टक्के : २४०
– पक्ष्यांचा वाटा : १००

हातात उरले ६१०. महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे पगार, लाईट, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता धरून ३०,५००. भागिले ६१०, म्हणजे नुसतं बरोबरीत यायला महिन्याला ५० पाहुणे हवेत.

तुमच्या तीन खोल्या, प्रत्येकी दोघं. चारही आठवड्यांचे शुक्रवार-शनिवार फुल्ल गेले तरी होतात ४८. म्हणजे घर भरलेलं आणि तुम्ही तोट्यात! अशा वेळी सगळ्यात आधी काय कापलं जातं? पक्ष्यांचे १०० रुपये. पाटी मात्र तशीच राहते.

आता दर १,७०० करा आणि बिलात ‘पक्षी बचाव : १००’ अशी वेगळी ओळ छापा. कमिशन २५५ होईल, हातात ६९५ उरतील आणि ४४ पाहुण्यांत गणित जुळेल. वाटा दिलाच नसता तर १,६०० च्या दरात ४३ लागले असते. फरक फक्त एका पाहुण्याचा.

हे पैसे दर महिन्याला नोंदणीकृत संस्थेला द्या आणि तिची पावती काउंटरवर लावा. आपण किराण्याचं बिल तपासून घेतो, तसं पाहुण्यालाही तपासता आलं पाहिजे.

जागा निवडताना

२२ जुलै २०२१ ला तळियेत दरड कोसळली आणि त्याच दिवसांत महाड शहर पुरात होतं, हे आपण विसरलेलो नाही. ‘व्ह्यू’साठी उताराला खोल्या काढू नका. पावसाळ्यात धोक्याचा इशारा आला तर बुकिंग रद्द करून पैसे परत द्यायचे, हा नियम आधीच छापून ठेवा आणि त्या महिन्यांची कमाई गणितात कमीच धरा. पर्यटन विभागाची न्याहारी निवास नोंदणी आणि ग्रामपंचायतीचे कागद बघूनच बांधकामाला हात घाला.

या आठवड्याचा गृहपाठ : वहीत तुमचे खरे खर्च लिहा आणि पक्ष्यांचा वाटा धरून किती पाहुणे लागतात ते काढा. आकडा शनिवार-रविवारच्या गर्दीत बसत नसेल, तर मधल्या वारी कोण येईल याची पाच नावं लिहा : शाळा, कॉलेज, पक्षीनिरीक्षकांचे गट, गडावर जाणारे ट्रेकर. ती यादी तयार झाली की मगच पाटी रंगवायला द्या.