सौरदिव्याची निगा : इयत्ता सहावी व सातवीसाठी परिसरपाठ

सातपुड्यातील पाड्यांपासून सह्याद्रीतील धनगरवाड्यांपर्यंत अनेक घरांच्या छपरांवर आज निळसर-काळ्या सौरपाट्या दिसतात. जेथे विजेची तार उशिरा पोचली, अथवा पोचूनही पावसाळ्यात दिवसेंदिवस निर्जीव राहते, तेथे मुलांचा रात्रीचा अभ्यास या पाटीवरच अवलंबून असतो. दोन-तीन वर्षांनी दिवा मंदावतो, घरातील माणसे ‘सोलर गेले’ म्हणतात, आणि मूल पुन्हा चिमणीच्या धुरात पुस्तक धरून बसते. वस्तुतः पाटी अशा वेळी बहुधा धडधाकट असते. चांगल्या पाटीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. मरते ती बॅटरी, आणि तीही पुष्कळदा हयगयीने. हा भेद मुलांच्या ध्यानी आणून देणे हा या पाठाचा हेतू होय.

प्रारंभी इतिहास सांगण्याचा मोह शिक्षकांना होईल. प्रकाशामुळे वीज निर्माण होते हे १८३९ मध्ये फ्रान्समधील एडमंड बेकरेल यांनी दाखविले व १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट तयार झाला, एवढे पुरे. त्यानंतर मुलांना एखाद्या घराच्या अंगणात न्यावे.

बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी असलेल्या सर्वसाधारण पाटीत ३६ घट एकापुढे एक जोडलेले असतात. विहिरीवरून घागरी हातोहात देणाऱ्या रांगेत एकच माणूस हात बांधून उभा राहिला तर सारी रांग थबकते. त्याचप्रमाणे शेवग्याच्या एका फांदीची सावली एका घटावर पडली तरी पाटीची वीज फार घटते. म्हणून सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता पाटीवर सावली पडते काय, हे मुलांनी टिपून ठेवावे. फांदी छाटणे हे नवी पाटी घेण्यापेक्षा स्वस्त आहे!

पाटीचे तोंड दक्षिणेस असावे व तिचा उतार साधारणतः गावाच्या अक्षांशाइतका, म्हणजे आपल्याकडे १६ ते २२ अंश, असावा. दिशा ठरविण्यासाठी अंगणात काठी रोवून मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली पाहावी. ती उत्तर दाखविते. हा प्रयोग हिवाळ्यात करावा. मे ते जुलैच्या सुमारास सूर्य माथ्यावर किंवा त्याच्याही उत्तरेस जात असल्याने सावली फसविते.

धूळ व पक्ष्यांची विष्ठा पंधरा दिवसांनी, आणि रस्त्यालगतच्या घरी आठवड्याने, पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी. हे काम सकाळी पाटी थंड असताना करावे; भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकण्याचे भय असते. राख, वाळू किंवा भांड्याची घासणी वापरू नये. बोअरचे खारे पाणी काचेवर वाळू देऊ नये, कारण त्याचे पांढरे डाग राहतात. छपरावर चढण्याचे काम मोठ्या माणसाचे.

आता बॅटरी. शिसे व आम्ल असलेल्या बॅटरीतील पाणी भारणाच्या वेळी हळूहळू कमी होते. झाकणांवरील तरंगणाऱ्या दांडीची खूण महिन्याने पाहावी आणि पातळी उतरली असेल तर केवळ ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे दुकानात ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून मिळते ते, घालावे. नळाचे, विहिरीचे किंवा गाळलेले पाणी चालत नाही. आम्ल तर कदापि घालू नये. पाणी घालण्याची वेळ सायंकाळची, बॅटरी भरल्यानंतरची. भारणाच्या वेळी ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून बॅटरी हवेशीर जागी ठेवावी व तिच्याजवळ चिमणी अथवा विडी नेऊ नये. मुलांनी दुरून पाहावे, झाकण उघडू नये. आम्ल अंगावर उडाल्यास तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे व डोळ्यात गेल्यास धुऊन लगेच दवाखान्यात न्यावे. लिथियमच्या नव्या बॅटऱ्यांत पाणी घालावे लागत नाही.

अर्धवट भरलेली बॅटरी दीर्घकाळ तशीच राहिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण स्फटिक जमतात व तिची धारणशक्ती कायमची घटते. हे समजण्यास गणिताचा तास उपयोगी पडेल. ४० वॅटची पाटी पाच तासांच्या कडक उन्हात २०० वॅट-तास देईल. नुकसान वजा जाता सुमारे १४० हाती येतात असे धरावे. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास म्हणजे ५०, पंधरा वॅटचा पंखा चार तास म्हणजे ६०, एकूण ११०. घर सुखात आहे. आता तीस वॅटचा दूरदर्शनसंच तीन तास लावला की खर्च २०० होतो व रोज ६० ची तूट येते. बारा व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॅट-तास मावतात. ती किती दिवसांत निम्मी रिकामी होईल, हे मुलांनीच काढावे. उत्तर चार दिवस येते, आणि वर्गात बहुधा कोणी तरी आपल्या घरी असेच घडल्याचे सांगते. आषाढ-श्रावणात ऊन फार कमी असते. तेव्हा पंखा बंद ठेवून अभ्यासाचा एकच दिवा राखावा.

मृत बॅटरी परसात फोडू नये. तिच्यातील शिसे लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. ती फोडून विकणाऱ्या भंगारवाल्यास न देता नवी घेताना दुकानदारासच परत द्यावी. जुनीची काही किंमतही वजा होते.