ट्रेडमिल विकून टाक

मिरज

चि. नंदूस,


काल रात्री सूनबाईचा बंगळुरूहून फोन आला. लेकीचं बाळंतपण करायला गेलेली बाई, तिने बाळाचं कौतुक सांगायचं, तर निम्मा वेळ तुझ्याबद्दलच बोलत होती. तू फोन उचलत नाहीस, उचललास तर ‘ठीक आहे’ म्हणून ठेवून देतोस. जेवणाचा डबा दाराच्या फटीतून घेतोस. वॉचमनने म्हणे तुला आठवडाभर पाहिलेलंच नाही. तळजाईच्या टेकडीवर जायचं बंद केलंस आणि घरात ट्रेडमिल आणलीस, हे ऐकलं तेव्हा मात्र मी उठून दिवा लावला.

टेकडीवरच्या ग्रुपमध्ये निवडणुकीवरून वाजलं, एवढंच ना? वाजणारच. पंचवीस वर्षं बँकेत कर्ज वसूल करणाऱ्या माणसाला कोणीतरी चार शब्द बोललं म्हणून त्याने टेकडी सोडावी?

आणि दादाशी अजून बोलत नाहीस. तेही कळलं.

गेल्या दिवाळीत तू मला कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होतास. चांगला आहे रिपोर्ट. मनगटावरचं घड्याळ तुझी पावलं मोजतं, झोप मोजतं. आता तुझ्या म्हाताऱ्या आत्याकडून एक आकडा घे. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली काही तरुणांच्या आयुष्याचा माग ठेवायला सुरुवात केली. बॉस्टनच्या गरीब वस्तीतली पोरंही त्यात होती, सगळे मिळून ७२४. त्यांचं रक्त, नोकऱ्या, संसार, भांडणं, सगळं पार म्हातारपणापर्यंत लिहून ठेवलं. ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट राहणार हे पन्नाशीतच कशावरून ओळखता आलं असतं, ते मग तपासलं. कोलेस्टेरॉलपेक्षा खरा अंदाज दिला तो आपल्या माणसांत माणूस किती समाधानी आहे याने. तुझ्या घड्याळात त्याची सोय नाही.

अण्णांचं आठवतंय ना? तुझी आई मार्गशीर्षात गेली आणि अण्णा वैशाखात. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं, ते खोटं नव्हतं. १९६९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी आली होती, मी ती वर्गात दर वर्षी शिकवायचे. पंचावन्नच्या पुढचे ४,४८६ विधुर. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू एरवीपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त, आणि त्यातही हृदयाचेच अधिक. अण्णांच्या तेराव्याला पंगतीत बसून माझ्या डोक्यात तेच चाललं होतं.

अण्णा वाईट नव्हते रे. पण घरातली सगळी माणसं तुझ्या आईच्या हातात होती. कोणाची मुंज, कोणाचं डोहाळजेवण, कोणाला पत्र पाठवायचं, कोणाकडे चार दिवस राहून यायचं, हे ती बघायची. अण्णा आहेराच्या पाकिटावर नाव घालायचे. ती गेली आणि दारात माणूस येईनासा झाला. लोक दुष्ट होते म्हणून नाही. ते अण्णांकडे कधी येतच नव्हते.

तुझ्याकडे आज तेच दिसतंय. सूनबाई काही महिन्यांसाठी काय गेली, तुझ्या घराची बेल वाजायची थांबली. मला भीती वाटते ती याची. लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते: उद्या तिला काही झालं, तर तुझ्याकडे स्वतःचं असं कोण आहे? एक दादा होता.

उलट तुझी आजी. पंचावन्नाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं आणि एक्क्याण्णवाव्या वर्षापर्यंत वाईच्या गणपती आळीत तोऱ्यात राहिली. भजनी मंडळ, भिशी, कृष्णाबाईच्या उत्सवातली धावपळ, लोणच्याचे आंबे कोणाकडून घ्यायचे यावरून दर उन्हाळ्यात रुसवेफुगवे. मी तेव्हा नवी डॉक्टरीण. सुट्टीत घरी आले की तिच्या मंडळाला टाळकुट्या बायका म्हणायचे, आणि ‘चल ना गं एकदा घाटावर’ म्हणाली की पुस्तक उघडून बसायचे. एकदाही गेले नाही. पुढे तिच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा त्याच टाळकुट्यांनी पाळ्या लावून तिला उभं केलं. मी आले ती रजा संपेपर्यंत. अजूनही कुठे टाळ ऐकू आले की वाटतं, घाट दोन मिनिटांवर तर होता.

तू हिशेबी डोक्याचा, विचारशील की एकटा माणूस आजारी पडतो की आजारी माणूस एकटा पडतो. प्रश्न बरोबर आहे, माझे विद्यार्थीही विचारायचे. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा जिल्ह्यात १९६५ साली जवळपास सात हजार लोकांना विचारलं होतं: लग्न झालंय का, मित्र-नातलग भेटतात का, चर्चला किंवा कुठल्या मंडळात जाता का. नऊ वर्षांनी हिशेब केला, तर ज्यांना फारसं कोणीच नव्हतं त्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण गोतावळ्यातल्यांच्या दुपटीहून अधिक निघालं. सुरुवातीची तब्येत, सिगारेट, दारू, लठ्ठपणा, सगळं वजा केलं तरी फरक उरलाच. आणि शिकागोत जुलै १९९५ मध्ये उन्हाची लाट आली, सातशेवर माणसं गेली. बरेचसे म्हातारे, बंद खोल्यांत एकेकटे. त्या शहरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, पण पुरुष अधिक दगावले. बायकांना निदान कोणीतरी हाक मारत होतं.

यात जादू काही नाही. पडलास तर आवाज ऐकणारं कोणी हवं. रक्तदाबाची गोळी चुकली, चेहरा उतरला, बोलणं अडखळलं, हे बघणारं हवं. सतत एकट्याने धास्तीत राहिलं की शरीरही आतून कायम सावध राहतं आणि झिजतं.

माणसांचा त्रास होतो, हे मला सांगू नकोस. मी लग्न केलं नाही तेव्हा ‘म्हातारपणी हिला कोण बघणार’ असं आख्खं घर म्हणत होतं, अण्णाही. आज समोरच्या वहिनी माझी खिडकी आठपर्यंत उघडली नाही तर दार बडवतात. भारी चौकस बाई. माझ्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, पिशवीत काय होतं, सगळं त्यांना ठाऊक असतं. डोकं उठतं. पण गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरले तेव्हा त्यांनीच रिक्षा आणली.

माणूस तोंडावर अपमान करत असेल, लुबाडत असेल, तर खुशाल तोड. दादाने तुला लुबाडलं का? वाड्याच्या मागच्या दोन खोल्या आणि विहिरीचा वाटा, यावरून सख्खे भाऊ चार वर्षं बोलत नाहीत. त्या विहिरीला उन्हाळ्यात पाणीसुद्धा नसतं.

फार बोलले. रात्री उशिरा लिहायला बसलं की माझं असं होतं. निवृत्तीनंतर माणसाला रिकामं वाटतं, मला ठाऊक आहे. मलाही कॉलेज सुटल्यावर कितीतरी दिवस सकाळी साडी नेसावीशी वाटत नव्हती. तुझं मन बरं नसेल तर ते डॉक्टरला सांग, त्यात लाज कसली? आणि डॉक्टरला सांगायचं नसेल तर मला सांग. मी उपदेश करणार नाही. नुसती ऐकेन.

दादाचं पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तुला कळवू नको म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता, ‘नंदूचा आवाज कसा आहे गं?’ असं विचारलंन्. मी काय सांगणार? मीच कुठे ऐकलाय.

शनिवारी गाडी काढ आणि इकडे ये. आंबेमोहोराचा भात करते, तुला आवडते तशी कटाची आमटी करते. येताना वाट वाकडी करून वाईवरून ये. वाटणीचा विषय काढू नकोस, दादाकडे चहा घे आणि पुढे नीघ. निघताना मला फोन कर.

तुझी,
आत्या