उघडे आकाश हीही एक खोली : चार्ल्स कोरिया यांच्या वास्तुरचनांचा अभ्यास

शाळेची इमारत असो, ग्रामपंचायतीचे कार्यालय असो वा बेघरांसाठी वसाहत असो, अंदाजपत्रकात प्रथम मोजले जाते ते छपराखालचे क्षेत्रफळ. भिंतींच्या बाहेर जे राहील ती उरलेली जागा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या देशात वर्षाचे कितीतरी महिने माणसे ओसरीवर, अंगणात, पारावर आणि गच्चीवर वावरतात, त्या देशात हा हिशेब अपुरा ठरतो. धान्य वाळविणे, मुलांचे खेळणे, उन्हाळ्यातील निजणे, चार जणांनी बसून निवाडा करणे, ही सारी कामे उघड्यावरच होत आली आहेत. हा साधा अनुभव आधुनिक वास्तुरचनेच्या केंद्रस्थानी आणण्याचे कार्य ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांत चार्ल्स कोरिया यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

कोरिया यांचा जन्म १९३० मध्ये सिकंदराबाद येथे झाला. अमेरिकेत वास्तुशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून ते मायदेशी परतले आणि १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत आपली पेढी सुरू केली. या पेढीने स्मारके, संशोधन संस्था, कलाकेंद्रे, कार्यालये व घरे अशा सर्व प्रकारच्या वास्तूंचे आराखडे तयार केले. भोपाळचे विधानभवन, पणजीची कला अकादमी आणि दिल्लीतील आयुर्विमा महामंडळाची 'जीवन भारती' ही कार्यालयीन इमारत ही त्यांतील काही ठळक उदाहरणे होत. १९७२ मध्ये पद्मश्री व २००६ मध्ये पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. २०१५ मध्ये मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

स्मारक आणि विद्यालय

अहमदाबाद येथील साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे पेढीच्या प्रारंभीच्या कामांपैकी एक होय. १९६३ मध्ये ते पूर्ण झाले. येथे भव्य घुमट नाही की उंच प्रवेशद्वार नाही. ६ मीटर चौरसाचे सारख्या मापाचे घटक, विटांचे खांब, दगडी फरशी आणि वर कौलारू छप्पर, एवढ्यावरच ही रचना उभी आहे. काही घटक भिंतींनी बंदिस्त केले आहेत, तर काही मुद्दाम उघडे ठेवले आहेत. मधोमध पाण्याचा चौक आहे. खिडक्यांना काचा नाहीत. लाकडी पट्ट्यांच्या झडपांतून वारा व उजेड आत येतो. पुढे जागेची गरज वाढल्यास त्याच मापाचे नवे घटक जोडावेत, अशी सोय मूळ आराखड्यातच आहे. ज्या शाळेत आज दोन वर्ग असून उद्या पाच लागणार आहेत, त्या शाळेच्या दृष्टीने ही योजना विचार करण्याजोगी आहे.

पुण्यातील आयुका, म्हणजेच आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, १९८८ मध्ये स्थापन झाले. त्याच्या इमारतींतही हेच सूत्र वेगळ्या रूपात दिसते. स्थानिक काळ्या पाषाणाच्या भिंती आणि मध्ये कुंडासारखा पायऱ्यापायऱ्यांचा चौक, अशी ही रचना आहे. एका चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने आकाशालाच आपल्या वास्तूत स्थान द्यावे, हे औचित्यपूर्ण होय.

ऊन, वारा आणि पाऊस

उघडी जागा म्हणजे केवळ शोभा नव्हे. तिच्यामागे हवामानाचा हिशेब असतो. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. मात्र दुपारचे कडक ऊन आणि पावसाचा मारा हेही त्याच दिशेचे. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय शोधला होता, तो म्हणजे खोल्यांभोवती व्हरांडा. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या 'कांचनजुंगा' या मुंबईतील ३२ सदनिकांच्या उंच इमारतीत कोरिया यांनी हाच व्हरांडा दुमजली उंचीच्या गच्चीच्या रूपाने कोपऱ्याकोपऱ्यांत आणला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात नुसता चौक पुरेसा नाही. चौक आणि खोली यांच्यामध्ये ओसरी हवी.

बेलापूरची वसाहत

सामान्य माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग नवी मुंबईत झाला. मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडली. पुढे १९७० मध्ये त्या कामासाठी सिडकोची स्थापना झाली. याच नगरात बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात सुमारे ६ हेक्टर जागेवर ५५० कुटुंबांसाठी वसाहत उभारण्यात आली.

तिची मांडणी अशी : ८ मीटर चौरसाच्या अंगणाभोवती सात घरे, असे तीन समूह मिळून २१ घरे आणि त्यांना १२ मीटरचा मोठा चौक, पुन्हा असे तीन गट मिळून २० मीटरचे सामायिक पटांगण. गरीब व सुस्थित अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना जागा देताना भूखंडांतील तफावत फार ठेवली नाही. ते ४५ ते ७५ चौरस मीटरांचे आहेत. प्रत्येक घर स्वतंत्र असून त्याची भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही. त्यामुळे ऐपत वाढेल तसे घर वाढविता येते. बांधकामही स्थानिक गवंड्यास करता येईल इतके सोपे ठेवले होते.

त्यानंतरच्या काळात काय घडले, हेही पाहणे आवश्यक आहे. रहिवाशांचे उत्पन्न वाढले. अनेकांनी मूळची कौलारू घरे पाडून काँक्रीटची बहुमजली घरे बांधली. मूळ घर ओळखू येईल अशा स्थितीत आता थोडीच उरली आहेत. काहींना यात योजनेचे अपयश दिसते. परंतु घर वाढावे हीच मूळ योजना होती. घरे बदलली, तरी ज्या अंगणांभोवती ती उभी होती त्या अंगणांची मांडणी आजही वसाहतीला आकार देते. मात्र घर किती वाढावे यास मर्यादा नसेल, तर वाढती उंची शेजाऱ्याचा उजेड व वारा अडविते, हाही धडा येथेच मिळतो.

स्थानिक संस्थांसाठी बोध

इमारत पन्नास वर्षांत पाडून नवी बांधता येते. एकदा गमावलेले पटांगण मात्र सहसा परत मिळत नाही. मैदानाच्या कडेला एक वर्गखोली, मग दुसरी, मग गोदाम, अशा रीतीने शाळेचे अंगण पाहता पाहता नाहीसे होते. प्रत्येक वेळी कारण योग्यच असते आणि प्रत्येक ठराव एकमताने संमत होतो.

म्हणून आराखडा मंजूर करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. वारा कोणत्या दिशेने येतो व दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर पडते? भर पावसात मुले कोठे उभी राहतील? पुढील वाढ कोणत्या बाजूस होणार? उघडी जागा नकाशावर मापासह दाखविली आहे काय, आणि तिची देखभाल कोणाकडे आहे? या प्रश्नांना फारसा खर्च लागत नाही. त्यांची उत्तरे मंजुरीच्या कागदांत नोंदविली गेली, तर अंगण ही उरलेली जागा न राहता इमारतीचाच एक हक्काचा भाग ठरेल.