४.३ प्रसिद्ध व्यक्तीचे खासगी जीवन आणि वाचकाचे कुतूहल

मागील उपघटकात आपण चरित्र आणि आत्मचरित्र यांतील भेद पाहिला. आता वाचकाच्या कुतूहलाचा विचार करू. प्रसिद्ध माणसाने काय केले यापेक्षा तो कोणाबरोबर राहिला, हे जाणण्याची ओढ वाचकाला अधिक का असते? उदाहरण सोयगाव परिसरातीलच घेऊ.

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात येतात. ज्या गावावरून त्यांना नाव मिळाले ते अजिंठा गाव मात्र सिल्लोड तालुक्यात आहे. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. अपुरा प्रकाश आणि आजारपण सोसत त्याने वर्षानुवर्षे हे काम केले. त्यातील बहुतेक चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळाली. या आगीच्या आधीच तो छायाचित्रणाकडेही वळला होता. १८७९ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची कबर भुसावळला आहे.

आता स्वतःलाच विचारून पाहा : गिलविषयी तुम्ही प्रथम काय ऐकले होते? प्रतिकृती, आग, की पारो?

अजिंठा गावात पारोची कबर आहे. तिच्या शिलालेखात गिलची प्रिय म्हणून पारोचा उल्लेख असून २३ मे १८५६ हा मृत्युदिन नोंदलेला आहे. भक्कम पुरावा एवढाच. ती कोण, कोणत्या समाजाची, त्यांची भेट कशी झाली, गावाने तिला कसे वागवले, हे सारे लोककथेने भरून काढले आहे. गिल विवाहित होता, ही गोष्ट सांगताना कथेकऱ्याचा आवाज सहसा खाली येतो.

सोयगाव तालुक्यातील पळसखेडे येथील कवी ना. धों. महानोर यांनी याच कथेवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले आणि त्यावर आधारित नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट २०१२ मध्ये आला. कवीला कल्पनेचे स्वातंत्र्य असते, याबद्दल वाद नाही. अडचण निर्माण होते ती वाचक काव्यातली पारो हीच इतिहासातली पारो मानू लागतो तेव्हा. गिलची निदान छायाचित्रे उरली, सरकारी कागदांत नाव उरले. पारोचा स्वतःचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही. तिच्यावर प्रेम करणारे वाचकही तिच्या वतीने बोलतात, आणि ती गप्पच राहते.

याउलट सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) पाहा. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या अफाट लोकप्रिय लेखकाच्या संसाराविषयी येथे पत्नीने स्वतः, नाव घालून लिहिले. पु.लं.चे मोठेपण मान्य करतानाच तिने त्यांच्या उणिवाही सांगितल्या. अनेक चाहते दुखावले. घरातले बाहेर का आणले, असा सूर निघाला. गंमत अशी की, घरातले वाचण्यासाठीच अनेकांनी पुस्तक हाती घेतले होते. रूढ चौकटीत न बसणारे तिचे मत ‘पु.लं.ची पत्नी’ म्हणून वाचले गेले. स्वतंत्र विचार करणाऱ्या लेखिकेचे म्हणून ते वाचायला वेळ लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते, त्या वादातला बराच भाग पुस्तकाविषयी नव्हताच.

दोन्ही उदाहरणांत कुतूहल सारखेच आहे. फरक आहे तो सांगणाऱ्याच्या अधिकाराचा. सुनीताबाईंनी काय सांगायचे आणि काय राखायचे, हे स्वतः ठरवले. पारोला ती निवड मिळाली नाही.

स्वयं-अध्ययन
१. गिल आणि पारो यांची तुमच्या गावात सांगितली जाणारी कथा एखाद्या वयस्कर व्यक्तीकडून ऐकून लिहून घ्या. तिच्यातील कोणती विधाने शिलालेखावर आधारलेली आहेत आणि कोणती नाहीत, ते वेगळे करा.
२. तीच कथा पारोच्या घरच्या एखाद्या स्त्रीने कशी सांगितली असती? दहा ओळी लिहा आणि त्यांपैकी किती ओळींना पुरावा आहे, ते शेवटी नोंदवा.