शय्याव्रण : कळ लागत नाही तेथे पहारा हवा

पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांच्या कमरेखालील संवेदना गेल्या आहेत, त्यांना व्हीलचेअरमुळे शिकता येते, नोकरी करता येते. परंतु त्याच खुर्चीवर न हलता तासन्‌तास बसल्याने शय्याव्रण, म्हणजे बोलीभाषेतील बेडसोअर, होतो. नाव शय्येचे असले तरी ही जखम खुर्चीवरही होते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

ही जखम का होते? बसलेल्या माणसाचा बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. हाड आणि खुर्ची यांमध्ये मांस दाबले जाऊन बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. निरोगी माणसाला कळ लागते व तो नकळत बसण्याची बाजू बदलतो. ज्याला कळच लागत नाही, त्याचे मांस रक्तावाचून आतल्या आत मरू लागते. घाम, लघवीचा ओलावा आणि घर्षण यांमुळे जखम लवकर होते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी कण्याला इजा झालेले बहुतेक रुग्ण अशा जखमांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी रुग्णांना दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा नियम घातला. अशा सेवेने सावरलेल्या रुग्णांसाठी त्यांनी १९४८ मध्ये भरविलेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिक खेळ उभे राहिले. उलट, 'सुपरमॅन' चित्रपटाचे नट ख्रिस्तोफर रीव्ह २००४ साली वारले तेव्हा त्यांच्यावर चिघळलेल्या शय्याव्रणाचेच उपचार चालू होते. केवळ पैशाने ही जखम टळत नाही.

म्हणून पुढील नियम पाळावेत :

१) दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून भार हलका करावा. रक्त परत खेळण्यास साधारण दोन मिनिटे लागतात. क्षणभर उचलून भागत नाही.

२) सकाळ-संध्याकाळ आरशात, किंवा घरच्यांकडून, बैठक, माकडहाड, खुबे व टाचा तपासाव्यात. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असे नाही. जागा जांभळट, गरम, कडक किंवा लिबलिबीत लागली तर ती धोक्याची खूण समजावी.

३) डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसू नये. तेथे चोळू नये.

४) चांगली गादी वापरावी, दबून चपटी झालेली बदलावी. मधे भोक असलेली रबरी कडी वापरू नये, तिच्या कडेने रक्त अडते.

५) मागच्या खिशात पाकीट किंवा किल्ल्या ठेवू नयेत. खुर्चीतून पलंगावर नेताना ओढू नये, उचलावे.

६) आहारात डाळी, अंडी, मासे, दूध असावे. विडी-सिगारेट सोडावी.

जखम झालीच, तर पहिला उपचार म्हणजे तिच्यावरील दाब पूर्ण काढणे. तिच्यावर बसत राहिल्यास कोणतेही मलम उपयोगी पडत नाही. जखम सलाईनने धुवावी. स्पिरिट, राख, हळद टाकू नये. त्वचा फाटताच डॉक्टरांना दाखवावे. दुर्गंधी, पू, ताप किंवा काळे पडलेले मांस दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खोल जखम भरण्यास महिनोन्‌महिने लागतात, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. तेवढ्या काळात विद्यार्थ्याचे वर्ष बुडते, कमावत्याची नोकरी जाते.

वर्गात किंवा कचेरीत चारचौघांसमोर झुकायला अनेकांना संकोच वाटतो, आणि त्या संकोचातच जखमेचे मूळ असते. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बाकाशेजारी असा सोबती असेल तर त्याची ती दोन मिनिटे सहजपणे घेऊ द्या. विसरला तर हळूच आठवण करा. सभासदांनीही सभा व शिबिरे ठरवताना मधे थांबण्याची सोय ठेवावी. जेथे शरीर इशारा देत नाही, तेथे घड्याळाने, आरशाने आणि सोबत्याने तो दिला पाहिजे.